भिंतीची बोली

कार्यक्रमाचा कागद मी आधी चष्मा न लावता वाचला ते बरंच झालं, नाहीतर ते वाक्य पहिल्याच झटक्याला दिसलं असतं आणि मी तिथेच, विकायला काढलेल्या त्या मेलेल्या दंतवैद्याच्या खुर्चीत, हातपाय गाळून बसलो असतो. लिलाव नुकता संपला होता. हमाल काचेची कपाटं जिन्यावरून उतरवत होते, आणि मुलांच्या संस्थेचे कार्यवाह, ज्यांचा आवाज नेहमी नुकताच उठल्यासारखा असतो, ते माझ्या कोपराशी उभे राहून सांगत होते, की रविवारी चार वाजता सभागृहात यायचं, पुढच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या गायिकेची शेवटची मैफल आहे तिच्या पहिल्या दोन ओळींची तिकिटं जोडीजोडीने लिलावात पुकारायची, पैसे मुलांच्या दवाखान्याला जाणार, आणि तुम्ही एक पैसा न घेता पुकारताय हे ऐकून संस्था चालवणाऱ्या बाईंना फार बरं वाटलं. वाटू दे, मी म्हणालो. फुकट मी माझ्या सासऱ्याचं टेबलसुद्धा पुकारलं नव्हतं. पण संस्थेचं बोलावणं आलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो होतो, कारण पस्तीस वर्षांनी त्याच व्यासपीठावर हातात हातोडा घेऊन उभं राहायचं, आणि समोर पहिल्या ओळीत बसलेल्या बाईंनी मला ओळखायचं नाही, एवढी गंमत मला पुरेशी वाटली होती. चष्मा घरी जाऊन लावला. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं : चार चाळीस, संस्थेतली मुलगी, वय नऊ, दोन शब्द बोलेल. आणि माइक कधी परत घ्यायचा हे मला कळावं म्हणून तिचं शेवटचं वाक्य खाली दिलं होतं. ‘माझी आई वारली. पण आज समोर इतक्या आया बसल्यात.’

बायको म्हणाली, चहा निवतोय. मी म्हणालो, निवू दे. ती म्हणाली, कोणावर चिडलायस? मी म्हणालो, कोणावर नाही. आमच्या संसारात हे संभाषण इतक्या वेळा झालंय, की ते आता नुसत्या भांड्यांच्या आवाजात उरकतं. ते वाक्य मी बोललो होतो. वय नऊ, तेच सभागृह, तेच व्यासपीठ, त्यावर तेव्हा हिरवा गालिचा होता आणि त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. बाईंनी कागद लिहून दिला होता. कागदावर त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं, नखाला रंग नव्हता पण ते फार नीट कापलेलं होतं, आणि त्या म्हणायच्या, सावकाश, शेवटचा शब्द गिळू नकोस, लोकांना शेवटचा शब्दच आठवतो. मी गिळला नाही. समोरच्या बायकांनी रुमाल काढले, एकीने तर उठून येऊन मला छातीशी धरलं, तिच्या गळ्यातली माळ माझ्या गालात रुतली. टाळ्या किती वेळ चालल्या होत्या देव जाणे. आणि सभागृहाच्या मागच्या दारापाशी, शेवटच्या ओळीच्याही मागे, अर्ध्या दिवसाची रजा काढून, ठेवणीतले कपडे घालून, माझी आई उभी होती.

वारली म्हणे. ती एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या घरी राहून काम करायची, दिवसरात्र, आणि त्या घरी पोराला जागा नव्हती, म्हणून मी संस्थेत. इतकी सरळ गोष्ट. दर रविवारी तीन ते पाच ती यायची, आम्ही पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर बसायचो, ती पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढायची आणि एकेक बिस्किट मोडून अर्धं मला, अर्धं परत पुड्यात, म्हणजे पुडा जास्त वेळ पुरेल. त्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा मी फाटकाजवळ उभा होतो. फाटकात एक वही असायची, येणाऱ्याने नाव लिहायचं, वेळ लिहायची आणि शेवटच्या रकान्यात नातं. ती वाकून लिहीत होती. मला आजही तिची मान दिसते, त्यावरचे सुटलेले केस दिसतात. तिने नात्याच्या रकान्यात ‘मावशी’ लिहिलं. बाकावर बसल्यावर मी काही विचारायच्या आतच म्हणाली, ‘आता तसंच लिहीन मी. तू सगळ्यांसमोर बोललास ना. उगाच तुला कोणी खोटारडा म्हणायला नको.’ आणि बिस्किट मोडून अर्धं माझ्या हातात ठेवलं. रागावली असती, एक थोबाडीत ठेवून दिली असती, तर मी रडलो असतो आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. ती रागावली नाही. ‘बोललास मात्र छान,’ म्हणाली. ‘मागेपर्यंत ऐकू आलं.’

मग ती मावशीच राहिली. सोय होती ती आधी, मग सवय झाली, आणि सवयीचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. संस्थेतून सुटून मी एका लिलाववाल्याच्या हाताखाली लागलो, खोली घेतली, तिला आणलं, आणि शेजारच्यांना सांगितलं, ही माझी मावशी, कारण माझ्याबरोबर संस्थेतला एक मित्र राहायचा आणि त्याला माहीत होतं की माझी आई वारली. पुढे मित्र गेला, मावशी राहिली. बायकोला लग्नानंतर चार वर्षांनी खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आता मी त्यांना काय म्हणू?’ मी म्हणालो, राहू दे. मुलं तिला मावशीआजी म्हणायची. ती हसायची, ‘मावशीआजी म्हणजे ना धड मावशी ना धड आजी,’ आणि मुलांची वेणीफणी करत राहायची. शेवटच्या आजारात तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा कागद भरायला बसलेल्या मुलीने तिलाच विचारलं, बरोबर कोण आहे, आजी? तिच्या घशात नळी घालायची होती, बोलणं जड जात होतं, तरी ती म्हणाली, ‘भाचा.’ मी शेजारी उभा होतो. मी त्या कागदावर भाचा म्हणून सही केली. पुढच्या सगळ्या कागदांवरही तेच नातं उतरत गेलं, अगदी शेवटच्या कागदापर्यंत. आईला आई म्हणून पोचवायचं सुद्धा माझ्या नशिबात ठेवलं नाही त्या बाईने. आणि ती बाई अजून तेच वाक्य पोरांच्या तोंडात कोंबतेय. पस्तीस वर्षं. किती मावश्या केल्या असतील तिने, मी त्या संध्याकाळी हिशेब करत बसलो, वर्षाला एक धरली तरी.

आता सूड घ्यायचा म्हणजे काय करायचं, हा प्रश्न सज्जन माणसाला पडतो. मला पडला नाही, कारण माझ्या कपाटात बाईंच्या घरातल्या सामानाची यादी होती. महिन्यापूर्वी त्यांच्या पुतण्याने मला गुपचूप बोलावलं होतं, काकू सकाळी संस्थेत असते तेव्हा या म्हणाला, सामान पाहून अंदाज द्या, काकूला कळू देऊ नका, तिला वाटतं की अजून निभतंय. मी गेलो. दारातच भिंतीवर तसबिरी होत्या, बाई आणि मुलं, बाई आणि फुलांचे गुच्छ, बाई आणि कोणी मोठी माणसं, आणि मी त्यात स्वतःला शोधलं, उगाचच, सापडलो नाही. मग खोल्यांतून फिरलो. आमचा डोळा घाणेरडा असतो. दुसऱ्याला घर दिसतं, आम्हाला लाकूड दिसतं. बारा खुर्च्यांचं टेबल, खुर्च्या नऊच उरलेल्या. नवऱ्याचं लिहायचं मेज, त्याच्या कप्प्यात वाळवीची भुकटी. पियानो, खालच्या बाजूच्या सहा पट्ट्या मुक्या. उंच घड्याळ, ते मात्र चांगलं. स्वयंपाकघरात एकाच माणसाची भांडी वापरात होती, बाकीची फळीवर पालथी. सगळं मिळून काय येईल तो आकडा मी यादीच्या खाली लिहिला, पुतण्याचा चेहरा पडला, आणि मी यादीची एक प्रत घरी घेऊन आलो. तो आकडा म्हणजे बाई. त्यापलीकडे त्यांच्यापाशी काही नव्हतं.

आणि त्यांचा एक रिवाज होता, तो गावभर माहीत होता. अशा प्रत्येक कार्यक्रमात तिकिटांची शेवटची जोडी बाई स्वतः घ्यायच्या. आधीच्या सगळ्यांत जी सर्वांत मोठी बोली लागली असेल तिच्यापेक्षा थोडी वरची बोली त्या लावायच्या, लोक मानाने थांबायचे, हातोडा पडायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. त्यांच्यावर कोणी बोली लावत नसे. ते वाईट दिसलं असतं. पण भिंतीला चांगलं-वाईट कळत नाही. हे सांगायला हवं : आमच्या धंद्यात एक जुनी लबाडी आहे. माल चांगला असतो, घेणारा एकच असतो, तेव्हा पुकारणारा त्याच्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघतो, मान हलवतो, जणू तिथे कोणी हात वर केलाय, आणि भाव चढवतो. तिथे कोणी नसतं. भिंत असते. आम्ही आपसात त्याला भिंतीची बोली म्हणतो. माझ्या उस्तादाने मला ती शिकवली आणि वर हेही शिकवलं, की भिंतीला कधी माल विकत घेऊ द्यायचा नाही. शेवटची बोली जिवंत माणसाची पाहिजे. समोरचा मधेच थांबला तर भिंतीची बोली तुझ्या गळ्यात, आणि तू मेलास. पंचवीस वर्षांत मी ती चारपाचदा केली असेल, तीही सावकारांवर. बाईंच्या त्या आकड्यापर्यंत भिंत मी कशी चढवायची याचा मी शुक्रवार, शनिवार विचार करत होतो, आणि खरं सांगतो, इतका चांगला मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.

रविवारी साडेतीनला सभागृहात गेलो. गालिचा आता तांबडा होता. पडद्यामागच्या अरुंद जागेत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी, ती मुलगी एकटी उभी राहून ओठ हलवत पाठ म्हणत होती. नवे बूट घातले होते, ते चावत असावेत, कारण ती एकदा ह्या पायावर एकदा त्या पायावर होत होती. मी विचारलं, ‘तुझी आई आहे?’ तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परीक्षेत फुटलेला प्रश्न विचारतोय. ‘आहे की. मागे बसलीय शेवटच्या ओळीत. शिवणकाम करते.’ ‘आणि बाबा?’ ‘ते मालगाडीवर असतात. काका, तुम्ही मधे बोललात, आता मला पहिल्यापासून म्हणावं लागणार.’ मी पडद्याच्या फटीतून मागची ओळ बघितली. एक लहानखुरी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, आजूबाजूच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून. तिला काय ऐकावं लागणार आहे हे तिला माहीत होतं की नाही, मला कळेना. माझ्या आईला माहीत नव्हतं. माझे दात एकमेकांवर घासले गेले, तो आवाज त्या मुलीनेही ऐकला असणार.

पहिल्या नऊ जोड्या लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. लोक खुशीत होते, नंबराच्या पाट्या हलत होत्या, एका घड्याळवाल्याने आपल्याच मेहुण्यावर बोली चढवली आणि सगळे हसले, मीही हसवलं, ते माझं काम आहे. बाई पहिल्या ओळीत मधोमध बसल्या होत्या. ताठ. केस पांढरे, नखं तशीच नीट कापलेली. त्यांच्या मांडीवरची पाटी एक नंबरची. दहावी जोडी काढली, तसं सभागृह आपोआप सैलावलं, आता बाई घेणार, मग मुलगी बोलेल, मग चहा. बाईंनी पाटी वर केली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांपेक्षा थोडा वरचा आकडा सांगितला. मी म्हणालो, ‘एक वार,’ आणि त्यांच्या डोक्यावरून पार मागे, दारापाशी बघितलं. मान हलवली. ‘मागून बोली आलीय, बाई.’ आणि त्याच्या वरचा आकडा पुकारला. सभागृहात थोडी कुजबुज झाली. काही माना वळल्या, पण मागे दिवे लावलेले नव्हते, आणि मी दुसऱ्यांना मागे बघायला वेळ देत नाही. ‘तुमच्याकडे आहे का, बाई?’ होतं. त्यांनी पाटी वर केली. मी परत मागे बघितलं. कोणी म्हणेल, पहिल्या दोन बोल्यांनंतर राग उतरला असेल. छे. राग चढत गेला. प्रत्येक आकड्याला मला एकेक वस्तू दिसत होती. ह्या बोलीला खुर्च्या गेल्या, नऊच्या नऊ. ह्या बोलीला नवऱ्याचं मेज गेलं, वाळवीसकट. माझा आवाज सुद्धा माझा राहिला नव्हता, उस्तादाचा झाला होता, खालचा, गोड, घाई नसलेला. पियानो गेला. बाई आता पाटी वर करताना कोपराला दुसऱ्या हाताचा आधार देत होत्या आणि मी ते चवीने बघत होतो, हे लपवून काय उपयोग. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, प्रत्येक बोलीला एक टाळी, त्यांना वाटलं केवढी ही बाईंची माया मुलांवर. एक घड्याळ उरलं होतं. भिंतीने शेवटची बोली लावली, आणि बाई थांबल्या.

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. मी म्हणालो, ‘एक वार.’ त्या माझ्याकडे बघत होत्या, डोळे अजिबात न हलवता. थांबल्या, तर दोन तिकिटं भिंतीची, म्हणजे माझी, आणि मागे कोण आहे म्हणून सगळे वळून बघणार. ‘दोन वार.’ मग त्या किंचित हसल्या, नवशिक्या पोराला बुडताना बघून पोहणारा हसतो तशा, आणि पाटी वर केली. मी इतक्या जोरात हातोडा मारला, की समोरचा पाण्याचा पेला आडवा झाला. सगळं सभागृह उभं राहिलं. यादीतला आकडा पूर्ण झाला होता, घड्याळासकट.

पेला उभा करून, बाजूचा पडदा सरकवून मी आत आलो तर बाई कडेच्या तीन पायऱ्या चढून वर येत होत्या, कठड्याला धरून. मुलगी आमच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून पाठ म्हणत होती. बाई माझ्याजवळ येऊन थांबल्या, त्यांना धाप लागली होती. म्हणाल्या, ‘माझे वडील घोड्यांच्या लिलावात पुकारायचे. दारापाशी कोणी नाही, हे मला मागे न वळता कळतं.’ मी हातोडा पाठीमागे नेला. ‘पहिल्यांदा वाटलं लोभी असेल. मग तुझा आवाज ऐकला. शेवटचा शब्द ताणायची खोड तुला नऊ वर्षांचा असल्यापासून आहे.’ मी विचारलं, ‘मग थांबला का नाहीत?’ ‘तुझं काहीतरी साचलेलं दिसलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. घरातलं सगळं तसंही पुतण्या विकायला काढणारच आहे, त्याला वाटतं मला कळत नाही.’ हे असं त्या बोलल्या, भाजीचा भाव सांगावा तसं, आणि माझा सगळा सूड माझ्या हातात नुसता राहिला, ठेवायला जागा नाही. मी ओरडलो नाही, पण ओरडल्यासारखं बोललो. ‘त्या पोरीची आई मागे बसलीय. जिवंत. तुम्ही तिच्या तोंडून तिला मारताय.’ ‘माहीत आहे मला. माझे कपडे तीच शिवते.’ ‘आणि माझी आई? माझी आई त्या दाराशी उभी होती.’ ‘तुझी आईही मला माहीत होती. म्हणून तर मी कागदावर लिहिलं होतं, माझी आई दुसरीकडे कामाला असते, पण आज समोर इतक्या आया बसल्यात.’ त्यांनी धाप थांबायची वाट बघितली. ‘वारली, हे तू म्हणालास. मी नाही लिहिलं.’

खोटं, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘खोटं बोलून मला आता काय मिळणार आहे? होतं ते आत्ता घेतलंस.’ मग जरा मवाळ आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने मवाळ : ‘त्या दिवशी जेवढे पैसे जमले तेवढे त्याआधी कधी जमले नव्हते. दवाखान्याची पहिली खोली त्यातून उभी राहिली. पुढच्या वर्षी तुला गोवर आला तेव्हा तू त्याच खोलीत होतास. तुला बोलवून विचारायला हवं होतं मी, ते राहिलं. आणि पुढच्या मुलाला कागद लिहून देताना ते वाक्य मी बदललं नाही. माझं पाप एवढं. ते मी नाकारत नाही. पण वाक्य तुझं आहे.’

मी खुर्च्यांच्या ढिगाला टेकलो. मला बाईंना खोटं पाडायचं होतं, म्हणून मी आठवायला लागलो, आणि आठवणीची हीच तर हलकट गोष्ट आहे, की ती बोलावली की येते. हिरवा गालिचा. बाईंचं बोट ओळीखालून सरकतंय. इतकी वर्षं मी ते बोट बघत होतो, त्याच्या वरची ओळ कधी वाचली नव्हती. आता वाचली. दुसरीकडे कामाला असते. तेच होतं. मग सभागृह. मी पहिली चार वाक्यं बोललो होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. दुसऱ्या ओळीतला एक माणूस घड्याळाला किल्ली देत होता. एक बाई गोळीचा कागद उलगडत होती, तो चुरचुर आवाज मला व्यासपीठावर ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं, हे मला न ऐकताच चहा प्यायला जाणार. आणि तेवढ्यात ते वाक्य तोंडात आलं, कुठून आलं देव जाणे, मी बोललो आणि गोळीच्या कागदाचा आवाज थांबला. सगळं थांबलं. तो क्षण मला इतका आवडला होता, की मी तो पस्तीस वर्षं स्वतःपासून लपवून ठेवला. सगळं सभागृह माझ्या मुठीत होतं. मागे, दाराशी, मी आईला बघितलंही होतं. बोलायच्या आधी बघितलं होतं. भाव चढत नव्हता म्हणून मी आई बोलीवर लावली. एवढंच झालं होतं.

कार्यवाह पडद्यातून डोकावून म्हणाले, ‘घ्या ना तिला, चार पंचेचाळीस झाले.’ मी बाहेर गेलो, पण मुलीला बोलावलं नाही. माइक धरला. मी कोणावर सूड घेत होतो आता, मला सांगता येणार नाही, पण तो घ्यायचा होता आणि अंगात तेवढंच एक बळ होतं. मी म्हणालो, ‘पस्तीस वर्षांपूर्वी ह्या जागेवर एका मुलाने सांगितलं होतं, की माझी आई वारली. ती वारली नव्हती. ती त्या दाराशी उभी होती. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याने मनाने सांगितलं, टाळ्यांसाठी. त्यानंतर ती मरेपर्यंत त्याची मावशी म्हणून राहिली. तो मुलगा मी. इथे आता कोणी येऊन तसं काही सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.’ माझा आवाज फाटला होता. मला वाटलं होतं, आता ते उठतील, निघून जातील, एखादा तरी थुंकेल, पैसे परत मागतील, बाईंचं आणि माझं एकदम तोंड काळं होईल. पण तिसऱ्या ओळीत घड्याळवाल्याने डोळे पुसले आणि सत्तावीस नंबरची पाटी वर केली. तिकिटं संपली होती. म्हणाला, ‘तुमच्या आईच्या नावाने, संस्थेला, माझ्याकडून.’ त्याच्या मागे आणखी एक पाटी आली, मग चार, मग टाळ्या. बाई पडद्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी कार्यवाहांना हळूच खूण केली, लिहून घ्या.

माझ्या कोटाची बाही कोणीतरी ओढली. मुलगी होती. रागाने लाल झाली होती. ‘काका, तुम्ही माझं वाक्य आधीच सांगून टाकलंत. आता मी काय म्हणू?’ मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. म्हणालो, ‘तुझी आई शिवणकाम करते, ते सांग. बाबा मालगाडीवर असतात, ते सांग. खरं आहे ते सांग. ती मागे बसलीय, तिला ऐकू जाऊ दे.’ हे मी तिला ज्या आवाजात सांगितलं, तो माझा खरा आवाज होता, बहुतेक पहिल्यांदाच. तिने मान डोलावली. मी माइक खाली केला तिच्या उंचीला. ती उभी राहिली, एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर. ‘माझी आई शिवणकाम करते,’ ती म्हणाली. लोक अजून आपसात बोलत होते, कोणी उठून कोट चढवत होतं, मागे चहाच्या कपांचा आवाज यायला लागला होता. ‘ती सगळ्यांचे कपडे शिवते,’ ती जरा मोठ्याने म्हणाली. कोणी बघत नव्हतं. ती थांबली. तिने सभागृहावरून नजर फिरवली, पहिल्या ओळीपासून मागेपर्यंत, सावकाश. माणसं मोजताना मी फिरवतो तशी. मी हात पुढे केला, माइक घ्यायला, पण तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

‘ती गेल्या महिन्यात वारली,’ ती म्हणाली. ‘बाबा पण.’

कपांचा आवाज थांबला. पहिली टाळी शेवटच्या ओळीतून आली. ती लहानखुरी बाई पिशवी खाली ठेवून उभी राहिली होती आणि एकटीच, जोरजोरात टाळ्या वाजवत होती, पोरगी तिथे एकटी पडू नये म्हणून. मग सगळेच वाजवायला लागले. पाट्या वर आल्या, कार्यवाहांनी पेन उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी नंबर वाचायला लागलो.